घटस्फोट आई-बापाचा, लेकराचा नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना थोडी भर घातली आहे.)



समितीने मला 'कामगार चळवळ आणि आपण' हा विषय दिला होता. त्या विषयावर मी याच माईकवरून अनेक वेळा बोललो आहे. पण यंदा मी समितीला विनंती केली की मला दुसरं काही बोलू द्या. विषय अवघड आहे. आपण तो चाळीच्या जिन्यात कुजबुजत बोलतो, विहारात बोलत नाही. आई-बाप वेगळे झाले की त्यांच्या लेकरांचं काय होतं, आणि अशा लेकरांसाठी आपण काय करतो, हा तो विषय.

आपल्या वस्तीत अशी घरं आहेत. किती आहेत ते मी मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही. कोणाच्या घराकडे बोट दाखवायला मी उभा राहिलेलो नाही. बोट दाखवायचं असेल तर ते मी माझ्याच घराकडे दाखवणार आहे. हे सांगण्यापूर्वी मी माझ्या मुलीची परवानगी घेतली. माझा नातू आता दहा वर्षांचा आहे, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "सांगा आजोबा, पण माझं नाव घेऊ नका." म्हणून मी आज कोणाचंच नाव घेणार नाही.

माझं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं शिक्षण झालं ते गिरणीत, मोर्च्यांत आणि या विहाराच्या वाचनालयात. त्रासन खात्यात मी साइडर होतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि आमच्या गिरणीची चाकं थांबली, ती थांबलीच. त्रासन खात्यात ज्याने काम केलं त्याला ठाऊक आहे, धागा तुटला की लगेच बोटाने सांधायचा असतो. वेळेवर सांधला नाही तर कापूस रोलरला गुंडाळत जातो आणि शेजारचा चांगला धागाही सोबत ओढून नेतो. तुटलेल्या धाग्यापेक्षा त्या शेजारच्या धाग्याचं नुकसान जास्त होतं, आणि त्याची तर काही चूकही नसते.

आता माझ्या घरातली गोष्ट.

२०२१ चा पावसाळा. माझी मुलगी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. दोन बॅगा आणि एक शाळेचं दप्तर. नवरा-बायकोचं पटत नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं. मारहाण नव्हती, दारू नव्हती. पण पैशावरून, नोकरीवरून, सासू-सुनेवरून रोजची धुसफूस. लॉकडाऊनमध्ये जावयांचा पगार निम्म्यावर आला आणि मग बोलणंच खुंटलं. दोन्हीकडची माणसं दोनदा बसली, चहा झाला, उणीदुणी काढून झाली, पण सांधलं नाही.

मी घरातला कर्ता माणूस. मी फर्मान काढलं, या घरात त्या माणसाचं नाव निघणार नाही. नातू विचारायचा, "आजोबा, बाबा कधी येणार?" मी सांगायचो, "बाबा कामासाठी गावाला गेलेत." तो म्हणायचा, "मग फोन लावून द्या." मी म्हणायचो, "तिकडे रेंज नाही." आणि त्याचा बाप आमच्यापासून फक्त तीन स्टेशनांवर राहत होता! मी रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारा माणूस. सकाळी मुसावादा वेरमणी म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच तोंडाने सहा वर्षांच्या पोराला खोटं सांगायचं. तेव्हा मला त्यात काही वाकडं दिसलं नाही. मला वाटायचं, मी त्याला दुःखापासून वाचवतोय.

जून २०२२ मध्ये शाळा नियमित सुरू झाली. रोज सकाळी पोराचं पोट दुखायला लागलं. गणवेश घालायची वेळ आली की पोट धरून बसायचा. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखत नसे. तेव्हा मी म्हणालो, पोरगं ढोंगी झालंय, लाडावलंय. एका सकाळी मी त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. नुसता बघत राहिला. मित्रहो, त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढे मुलीने आणि जावयांनी परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. कुटुंब न्यायालयात पहिलं काम पडलं ते समुपदेशक मॅडमशी. त्यांनी आधी पैशाचं, दागिन्यांचं काही विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलाला काय सांगितलंय?" माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी त्याला घेऊन या.

मुलांसाठी तिथे वेगळी खोली आहे, खेळणी आहेत. मी बाहेर बाकावर बसलो. नातू मॅडमबरोबर बराच वेळ आत होता. दोन-तीन भेटी झाल्या. मग मॅडमनी आई-बाप दोघांना बोलावलं आणि पोराच्या मनातली गोष्ट त्यालाच त्यांच्यापुढे सांगायला लावली. तो म्हणाला, "आई-बाबा माझ्या फीवरून भांडायचे. मी शाळेत गेलो नाही तर फी लागणार नाही. मग भांडण होणार नाही. मग बाबा येतील."

बंधूंनो आणि भगिनींनो, सात वर्षांचं पोर आमचा मोडलेला संसार वाचवायला निघालं होतं. एकटं. कोणाला न सांगता, पोट धरून. आणि मी त्याला ढोंगी म्हणालो होतो.

मॅडमच्या सांगण्यावरून आई-बापाने त्याला समोर बसवून तीनच गोष्टी सांगितल्या. पहिली, आम्ही दोघं आता एका घरात राहणार नाही, आणि हे बदलणार नाही. दुसरी, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुझ्या फीमुळे तर अजिबात नाही. मोठ्या माणसांचं मोठ्या माणसांत पटलं नाही. तिसरी, तू आमच्या दोघांचा आहेस. आठवडाभर आईजवळ राहशील आणि दर रविवारी बाबा भेटतील. पोराने सगळं ऐकून एकच विचारलं, "मग माझी सायकल कुठे राहणार?" आई म्हणाली, आजोबांकडे. तो बरं म्हणाला. आम्ही वर्षभर ज्या घडीला घाबरत होतो ती एका सायकलीवर येऊन संपली.

इथे टाळ्या वाजवू नका. दुसऱ्या दिवसापासून सगळं ठीक झालं, असं सांगितलं तर पुन्हा मुसावाद होईल. पोट आणखी महिनाभर अधूनमधून दुखत राहिलं. बापाला भेटून आला की रविवारी रात्री तो जेवायचा नाही, उशीत तोंड खुपसून पडायचा. आधी आम्हाला वाटायचं, बापाने काहीतरी भरवलं असणार, मनात आणि पोटातही! मॅडमनी समजावलं की मूल एका घरातून दुसऱ्या घरात येतं तेव्हा त्याला मधे थोडा वेळ लागतो. त्याला प्रश्न विचारू नका, जेवण झाकून ठेवा. आम्ही तसं केलं. तासाभराने उठून तो आपला जेवायला लागला.

या निमित्ताने मी बरंच वाचलं, विचारलं. आपल्या वस्तीतली एक मुलगी समाजकार्याचं शिक्षण घेते आहे. तिने मला इंग्रजीतली माहिती मराठीत सांगितली. लहान मुलाला वाटतं की जग आपल्याभोवती फिरतं. म्हणून घरात काही मोडलं की ते आपल्यामुळेच मोडलं, असा हिशोब ते करतं. तीन-चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आईला चिकटून बसतं. सहा-सात वर्षांचं मूल आई-बाप पुन्हा एकत्र येतील या आशेवर दिवस काढतं. दहा-बारा वर्षांचं मूल रागावतं, एकाची बाजू घेतं आणि दुसऱ्याशी बोलणं टाकतं. आणि वयात आलेली मुलगी घरात एकदम शहाणी होते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, आईचे डोळे पुसते. आपण म्हणतो, पोरगी किती समजूतदार! तिचं बालपण सरलं, हे कोणी म्हणत नाही.

अमेरिकेत रॉचेस्टर नावाच्या शहरात १९८२ साली शाळेतच अशा मुलांचे गट सुरू झाले. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात झाली. सात-आठ मुलं आठवड्यातून एकदा, दोन शिकलेल्या माणसांबरोबर गोलात बसतात. तिथे पहिली गोष्ट मुलाला कळते की असं घर फक्त आपलंच नाही. निम्मं ओझं तिथेच उतरतं. दुसरी गोष्ट, मनात काय चाललंय त्याला नाव द्यायला शिकवतात. हा राग आहे, ही भीती आहे, ही लाज आहे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. कोणती अडचण आपल्या हातातली आणि कोणती आपल्या हातातली नाही, हे ओळखायला शिकवतात. आई-बापाला एकत्र आणणं मुलाच्या हातात नाही. पण "मला निरोप्या करू नका" असं सांगणं त्याच्या हातात आहे. माझ्या नातवाला वर्षभर आधी हे कोणी शिकवलं असतं तर ते पोट दुखलं नसतं.

अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी आणखी एक वाट धरली. ज्या आईजवळ मूल राहतं त्या आईचेच गट घेतले, अकरा बैठकांचे. मुलाचं ऐकायचं कसं, घरातली शिस्त रोज सारखी कशी ठेवायची, त्याच्यादेखत भांडण कसं टाळायचं, हे त्यात शिकवलं. सहा वर्षांनी त्या मुलांची पुन्हा पाहणी केली. ती तोवर वयात आली होती. २००२ साली निष्कर्ष छापून आला. या कार्यक्रमातल्या घरांतल्या मुलांमध्ये मनाचे आजार बरेच कमी आढळले. म्हणजे औषध मुलाला पाजायचं, पण त्यातला मोठा डोस मोठ्यांनी घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडेही आहे, पण ते घ्यायला जावं लागतं. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला. मुंबईत आणि पुण्यात १९८९ पासून ही न्यायालयं आहेत. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे या कायद्याने न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि समुपदेशकांची तरतूदही त्यात आहे. आपण तिथे जातो वकिलाचं बोट धरून, आणि समुपदेशकाची भेट म्हणजे एक तारीख वाया गेली असं समजतो. ती तारीख मुलाची असते, हे लक्षात ठेवा.

आपली लग्नं बौद्ध पद्धतीने लागतात. तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे, त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल तर तो कायदा लागतो. पण चार माणसं बसवून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली आणि झालं मोकळं, असं होत नाही. त्या कागदात मुलाचा ताबा, मुलाची भेट, मुलाचा खर्च यांबद्दल सहसा ओळसुद्धा नसते.

मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित हीच सर्वात वरची गोष्ट, असं १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ राहतं. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच म्हटलं होतं की मुलं ही आई-बापाची मालमत्ताही नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात दोन्ही पालकांनी मिळून ताबा सांभाळण्याची व्यवस्था कायद्यात आणावी, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली आहे. पण चांगली गोष्ट करायला कायदा येण्याची वाट कशाला पाहायची?

आता पोटगीबद्दल रोखठोक बोलतो. आपल्याकडे एक व्यवहार चालतो. बाप म्हणतो, भेटू देत नाहीत तर पैसे देणार नाही. आई म्हणते, पैसे देत नाही तर भेटू देणार नाही. अरे, लेकरू म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे का, आधी रोख मग माल? मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, आणि बापाची भेट हाही मुलाचाच हक्क आहे. एकाने चूक केली म्हणून दुसऱ्याने केलेली चूक बरोबर ठरत नाही. पैसे मिळत नसतील तर त्यासाठी न्यायालय आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालं आहे. बाईला आणि मुलाला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मी घटस्फोटाच्या विरोधात बोलायला उभा नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात बाईला घटस्फोटाचा हक्क मांडला होता. ते बिल अडवलं गेलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं त्याचं ते एक मोठं कारण होतं. तो हक्क कलंक म्हणून मिळालेला नाही. तेव्हा 'पोरांसाठी सहन कर बाई' असं कोणा लेकीला सांगू नका. रोज आईला मार खाताना पाहणारं मूल दोन पालकांच्या घरात राहत असलं तरी ते घर नसतं. जिथे मारहाण आहे, व्यसन आहे, मुलाला धोका आहे, तिथे आधी आई-मुलाची सुटका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात आणि भेटीने मुलाला इजा होणार असेल तर भेट नाकारूही शकतात. मी बोलतो आहे ते बाकीच्या घरांबद्दल. माझ्या घरासारख्या. जिथे दोघंही माणसं बरी आहेत, फक्त एकमेकांना बरी नाहीत.

जातककथांत महोसध पंडिताची एक गोष्ट आहे. भंतेजींनी ती वर्षावासात सांगितली होती. एका मुलावर दोन बाया हक्क सांगत होत्या. एक खरी आई, दुसरी यक्षिणी. महोसधाने जमिनीवर रेघ ओढली, मुलाला रेघेवर ठेवलं आणि दोघींना सांगितलं, एकीने हात धरा, एकीने पाय धरा आणि ओढा. जी आपल्याकडे ओढेल तिचं मूल. दोघी ओढू लागल्या. मूल रडायला लागलं. तशी एकीने हात सोडला आणि ती रडत उभी राहिली. महोसध म्हणाला, ही आई.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. आपण मनातल्या मनात नेहमी आईच्या जागी उभे राहून ती ऐकतो. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की मी दुसरीकडे उभा आहे. मूल रडत होतं आणि मी ओढत होतो. आणि आम्ही नुसते दोघं नव्हतो. इकडे आजी, मामा, मावशी. तिकडे आजोबा, काका, आत्या. सगळे त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना. रस्सीखेच चालली होती आणि दोरीच्या जागी सहा वर्षांचं पोर होतं.

म्हणून आज मी विहार समितीपुढे काही सूचना ठेवतो. त्यांवर चर्चा व्हावी, त्यांत सुधारणा व्हाव्यात, पण त्या फायलीत जाऊ नयेत.

पहिली सूचना. विहाराची अभ्यासिका रविवारी दुपारी चार ते सहा रिकामी असते. वेगळे राहणारे आई किंवा बाप आपल्या मुलाला भेटण्यासाठी ती वापरू शकतील, असा ठराव व्हावा. अशी भेट रस्त्यावर, हॉटेलात नाहीतर रेल्वेच्या बाकावर होते तेव्हा मुलाला चोरी केल्यासारखं वाटतं. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याप्रमाणेच ती व्हावी. महिला मंडळातल्या एक ताई आणि समितीचा एक कार्यकर्ता बाहेर बसावा. आत कोणी डोकावायचं नाही.

दुसरी सूचना. महिन्यातून दोन शनिवारी मुलांचा गट घ्यावा. तो शिकलेल्या समाजकार्यकर्त्यांनीच घ्यावा. आपण पुढाऱ्यांनी तिथे भाषण करायला जायचं नाही, मीसुद्धा नाही. गटाला 'घटस्फोटितांची मुलं' असलं नाव देऊ नका. साधा 'शनिवारचा गट' म्हणा. ज्याचा बाप वारला आहे, ज्याची आई परगावी कामाला आहे, तेही मूल त्यात बसू शकेल. मुलाने गटात सांगितलेली गोष्ट बाहेर यायची नाही. अपवाद एकच, मुलाला कोणी इजा करत असेल तर.

तिसरी सूचना आम्हा म्हाताऱ्यांसाठी. आजी-आजोबांची एक बैठक लावा. आग विझवण्याऐवजी तिच्यात तेल ओतण्यात आम्ही पुढे असतो. चार नियम पुरेसे आहेत. मुलादेखत त्याच्या आईला किंवा बापाला शिवी द्यायची नाही, कारण त्याचं निम्मं रक्त तिकडचं आहे आणि ती शिवी त्यालाही लागते. मुलाच्या हाती निरोप द्यायचा नाही. भेटून आल्यावर "तिकडे कोण आलं होतं, काय खाल्लं, काय बोलले" असा पंचनामा करायचा नाही. आणि "तुला आई जास्त आवडते की बाबा?" हा प्रश्न हसण्यावारीसुद्धा विचारायचा नाही.

हा शेवटचा नियम वस्तीलाही लागू आहे. जिन्यात, नळावर, लग्नाच्या पंगतीत आपण पोराला थांबवून विचारतो, "काय रे, बाबा येतात का भेटायला?" आपली चौकशी एका मिनिटाची असते. ते पोर मात्र रात्रभर तीच घेऊन झोपतं.

चौथी सूचना सोपी आहे. विहाराच्या फलकावर तीन फोन नंबर ठळक अक्षरांत लिहावेत. संकटातल्या मुलांसाठी १०९८. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस सेवा, १४४१६. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. मुलांना ते पाठ करून घ्यावेत, जसे आपण पाढे पाठ करून घेतो.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

मुलीचा घटस्फोट २०२३ मध्ये झाला. रविवारच्या भेटी काही दिवस न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत झाल्या. मग दोघांच्या संमतीने ठरलं की इथे, आपल्या विहारातच व्हाव्यात. समितीने तोंडी परवानगी दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पहिल्या रविवारी मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्ही सोडून या त्याला." मला जायचं नव्हतं. गेलो. नातवाचा हात धरून अभ्यासिकेच्या दारापर्यंत आलो. आत त्याचे बाबा बसले होते. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ते उठले आणि म्हणाले, "जयभीम, अण्णा." माझ्या तोंडातून जयभीम निघायला वेळ लागला. हजारो लोकांना ज्याने जयभीम घातला, त्याला त्या दिवशी एका माणसाला तो घालता येईना. पोर माझ्याकडे वर बघत होतं. माझा हात त्याच्या हातावर घट्ट झाला होता, ते त्याला कळलं होतं.

मग मी जयभीम म्हणालो आणि हात सोडला. तो पळत आत गेला. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून हसण्याचा आवाज आला. खरं सांगतो, आधी मला वाईट वाटलं. मग हळूहळू बरं वाटलं.

आमचा तुटलेला धागा सांधला गेला नाही, जाणारही नाही. पण शेजारचा धागा वाचला आहे असं आज म्हणता येतं. तो शाळेत जातो. पोट दुखत नाही. सायकल आता त्याला लहान पडते, नवी कोणी घ्यायची यावर आई-बापाचं फोनवर बोलणं चालू आहे. भांडण नाही, बोलणं. एवढं आम्हाला पुष्कळ आहे.

ज्यांच्या घरात आज अशी वेळ आली आहे त्यांनी एकट्याने कुढत बसू नये. या विहाराचं दार उघडं आहे. आणि ज्या लहान मुलांनी आज हे सगळं ऐकलं आहे त्यांना हा आजोबा एकच सांगतो. बाळांनो, मोठ्यांचं भांडण तुमच्यामुळे होत नाही. तुमच्या फीमुळे नाही, तुमच्या मार्कांमुळे नाही, तुम्ही सांडलेल्या दुधामुळे नाही. आणि ते मिटवणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम खेळणं, शिकणं आणि भूक लागली की जेवायला मागणं. बाकीचं आम्ही पाहू.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.